माशाला मासा, कोयत्याला कोयता

आबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती काम अडलं म्हणून. अडला हरी म्हणतात ना, तसं. म्हण पुरी करत नाही, तुम्हाला लागायची. आपलं घर मी उतरवलं, आबा. रस्ता रुंद झाला, आणि कोलाडच्या अलीकडच्या आपल्या घराची पडवी त्यात जाणार, असं मोजणीवाल्यांनी चुन्याची रेघ मारून दाखवलं. आई रेघेकडे बघत उभी राहिली. मी मात्र छाती ठोकून म्हटलं की आजोबांनी एकदा उतरवून आणलेलं घर आपण पुन्हा उतरवू आणि मागच्या वरकस, भात न होणाऱ्या तुकड्यात, दोनशे पावलांवर, होतं तसं उभं करू. भात झोडून झालं तसं काम सुरू केलं. आता वैशाख संपत आलाय. जोतं बांधून तयार आहे, कौलं रचून ठेवलीत, आणि घर निळ्या ताडपत्रीखाली आडवं पडलंय. मृगाला तीन आठवडे आहेत. घर उभं राहत नाहीये, आबा, आणि कसं राहील ते सांगणारं कुणी नाही.

तुम्ही ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितलीत की ती माझ्याच डोळ्यांदेखत घडली असं वाटतं. पेणच्या खाडीकाठचं आपलं मूळ गाव. एका उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतातून सरळ घरात आलं. ते आठ दिवस घरात उभं होतं. शेत गेलं ते गेलंच, मिठानं पांढरं झालं. आजीच्या माहेरी, इकडे आत, थोडी जमीन मिळाली तेव्हा आजोबा म्हणाले, जमीन नेता येत नाय, घर येतंय. मग त्यांनी आणि एका सुताराने मिळून घर सुटं केलं. एक लोखंडी खिळा नव्हता त्यात. खांबाच्या डोक्याला कोरून काढलेलं कुसू, तुळईला ते बसेल एवढं भोक, आणि दोघांतून आरपार लाकडी खुंटी. भरतीबरोबर मचव्यातून नागोठण्यापर्यंत, तिथून बैलगाड्यांतून इकडे. तुम्ही तेव्हा लहान, मचव्यात आढ्यावर बसून आलात. आजोबांना अक्षर येत नव्हतं, म्हणून उतरवण्याआधी त्यांनी प्रत्येक सांध्याला एक चित्र कोरलं. खांबावर मासा, तर त्याच्यावर बसणाऱ्या तुळईच्या टोकालाही मासा. चांद, कोयता, फणी, बैलाचं शिंग, चूल. इथे आल्यावर फक्त माशाला मासा आणि कोयत्याला कोयता लावायचा, की घर उभं. पावसाच्या आत उभं राहिलंही.

मी त्याच खुणांवर वाढले. आपल्याकडे कधी कुणी पुढचा खांब, मधला खांब म्हटलं नाही. पुस्तक कुठंय, तर शिंगाच्या खांबाला टेकून. मांजर व्याली कुठे, तर चुलीच्या खांबामागं. पडवी, पडवीहून दोन पायऱ्या वर ओटी, ओटीहून एक पायरी वर माजघर, वर भाताचा माळा, आणि या सगळ्याचं ओझं सोळा खांबांवर. आणि त्या खाऱ्या पाण्याची रेघ. घरात शिरलेलं पाणी एका पातळीत उभं राहतं, म्हणून ती रेघ पडवीच्या खांबांवर कमरेला, ओटीच्या खांबांवर गुडघ्याला आणि माजघरात जेमतेम घोट्याला होती. समुद्र कधी न पाहिलेल्या पोरीला तुम्ही खांब दाखवून सांगायचात की दर्या इथवर आला होता.

एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी अकरा वर्षांची आहे, दिवाळी चार दिवसांवर आलीये, आणि डाग दिसला की माझे हात तेव्हाही शिवशिवतात. मी पाटावर पाट ठेवून उभी राहते आणि सोडा लावून काथ्याने ओटीचा माशाचा खांब घासायला घेते. धुराची काजळी निघते, तिच्याबरोबर माशाची शेपटीही पुसट होते. तुम्ही शेतावरून येता आणि माझं मनगट धरता. "ही घाण नाय गो," तुम्ही म्हणता. "घराचं तोंड हाय ह्ये. तोंड पुसलंस तर वळखायचं कसं?" मारलं नाहीत, पण संध्याकाळभर बोललाही नाहीत, आणि तुमचं न बोलणं मला मारापेक्षा वाईट लागायचं. दुसऱ्या दिवशी आजोबांची बोटभर रुंदीची पटाशी आणून माझ्या हातात दिलीत, माझ्या हातावर हात ठेवून माशाची शेपटी पुन्हा कोरलीत, आणि म्हणालात, "ही आता तुझी. खूण पुसटली का तू कोरायची." भावाला नाही, मला दिलीत. मी किती मिरवले होते. त्यानंतर ती पटाशी मी एकदाही वापरली नाही.

आता हे कसं झालं ते सांगते. मागच्या वर्षी कंपनीतल्या एकीबरोबर कोलाडजवळ एका मुंबईकरांच्या फार्महाऊसवर गेले होते. तिथे जुन्या घरांचे खांब आणून उभे केलेत, रंधा मारून, पॉलिश करून, नुसते चमकतात. त्यांच्यावर काहीच उभं नाही, वर सिमेंटचा स्लॅब आहे. तरी मी त्यांच्याकडे बघत राहिले. मी काम करते त्या कंपनीच्या लॅबमध्ये सगळं कसं लखलखीत असतं, आणि आपल्या घरात शिरलं की काजळी, शेणाचा वास, वाळवीची माती. मला वाटलं, एवीतेवी उतरवतोच आहोत, तर उभं करताना आपलंही असं चमकवू. पेणकडचे म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी चार दिवसांत घर अलगद सुटं केलं. मी विचारलं, नंबर टाकू का? ते हसले, "तुझ्या आजोबानं टाकल्यात ना. खुना हायत तवर भ्या नाय." मी मोबाईलवर फोटोही काढले. आई तुळशीपाशी, आई उंबऱ्यात, कौलांवर ऊन. काजळीतल्या खुणांचा एकही नाही. मग ते सगळं लाकूड मी इकडे रोह्याजवळ, वरश्याकडच्या एका मशीनच्या दुकानात दिलं. चारही अंगांनी रंधा मारून, तेल लावून ते परत आलं. काय सुंदर दिसत होतं, आबा! मधाच्या रंगाचं. मी हात फिरवून पाहिला, कुठे काही लागत नव्हतं.

मिस्त्रींनी पहिला खांब फिरवला. मग दुसरा. मग सगळेच, एकेक करून. शेवटी एका खांबाच्या बुडाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताय, ह्यो कोन हाय?" मला कळलं नाही. "ह्यो खांब कोन हाय, त्ये इचारतोय. समदे एकासारके एक झाले." तरी त्यांनी आठ माणसं घेऊन पाच दिवस झटापट केली. हातानं कापलेलं प्रत्येक कुसू वेगळं, दुसऱ्या भोकात जात नाही, आणि रंध्याने दोन-दोन सूत जाडी गेल्यामुळे जे जातं ते डुगडुगतं. ठोकताना दोन तुळयांची तोंडं फुटली. तिसरी फुटायची वेळ आली तेव्हा त्यांनीच हात जोडले. "आता पुडं मारलं तर जळान व्हईल," म्हणाले.

आई माझ्याकडे रोह्याला, दुसऱ्या मजल्यावर आहे. तिला जिना चढवत नाही, म्हणून ती खाली उतरतच नाही. गॅलरीत बसून पोह्याचे पापड लाटते आणि रोज विचारते, "कवा न्यायचं मना घरी?" आणि मग, आबा, ती सांगायला लागते. तिने पन्नास वर्षं ते घर सारवलंय, तिला सगळं पाठ आहे, आणि खुणा गेल्या तरी तेवढ्यावर घर उभं राहील असं तिला वाटतं. "मिस्त्रीला सांग, वटीवर पयला मासा. मंग चांद. मंग शिंग. माजघरात शिरल्यावर उजव्या हाताला चूल, तिच्या म्होरं फनी. चुकत नाय मी." खरंच चुकत नाही. सोळाच्या सोळा सांगते, लाटणं न थांबवता. घराचा अख्खा नकाशा तिच्या तोंडात आहे आणि त्या नकाशातलं एकही नाव आता लाकडावर नाही. मी हो हो म्हणते. एकदा तिच्यासमोर कागदावर लिहूनही घेतलं, मान खाली घालून. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही.

मग मी एक वेडेपणा केला. प्रत्येक खांबाच्या घोट्याला, गुडघ्याला आणि कमरेला पटाशीने बारीक कपचा काढला. हो, तुमच्याच पटाशीने. पहिल्यांदा वापरली ती अशी. कपचे लॅबमध्ये नेले, जेवणाच्या सुट्टीत डिस्टिल्ड पाण्यात उकळले आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मिठाचा अंश असला की पाणी दुधासारखं होतं. रंध्याने रेघ गेली होती, पण मीठ आत मुरलेलं होतं, आबा. एवढ्या वर्षांनी! कमरेपर्यंत दूध दाखवणारे पाच खांब, ते पडवीचे. गुडघ्यापर्यंतचे पाच, ते ओटीचे. उरलेले माजघराचे. मी लॅबमध्ये एकटीच रडले. आणि ओटीच्या पाचांतला एक खांब वेगळा निघाला. त्याचं गुडघ्याच्या वरचं पाणीही दुधाळ झालं, पडवीच्या खांबांपेक्षा कितीतरी फिकट, पण झालं, जिथे खाडी कधी पोचलीच नव्हती. मी तीनदा करून पाहिलं. मग आठवलं की शेतावरून आलात की तुम्ही उघड्या अंगाने पाटावर बसून माशाच्या खांबालाच पाठ टेकायचात, रोज, कितीतरी वर्षं. रंध्याखाली माणसाचा घाम उरतो का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही. पण मासा मला सापडला.

एवढंच सापडलं. पाच-पाचांच्या ओळी कळल्या, ओळीत कोण कुठे ते नाही. आणि वरच्या तुळयांना ना कधी खारं पाणी लागलं, ना कुणी पाठ टेकली. त्या मुक्याच आहेत. मिस्त्री म्हणतात, सोमवारपर्यंत काय ते सांग. एक तर सगळे सांधे कापून लोखंडी पट्ट्यांनी जोडायचे, मग लाकूड आखूड होऊन घर निम्मं होईल, आणि आईच्या यादीतलं काहीच जागेवर नसेल. नाहीतर ते फार्महाऊसवाले खांब न्यायला तयार आहेत, शोभेला. त्यांना कुठला कुठे याने काही फरक पडत नाही. पाऊस आला की ताडपत्रीखाली लाकूड कुजेल, हे मला तुम्ही सांगायला नको. माझी मती चालत नाही. पटाशी समोर ठेवलीये. एक खांब तरी ओळखलाय, त्यावर मासा कोरावा असं सारखं वाटतं, पण हात उचलत नाही.

का उचलत नाही ते सांगते, आणि मग हा कागद फाडते. मी सगळ्यांना सांगितलंय की दुकानवाल्याने न विचारता खुणांवरूनही रंधा मारला. मिस्त्रींना तेच सांगितलं, भावाला तेच, आईला तेच. आई त्या माणसाला रोज शिव्या घालते, पापड लाटता लाटता, त्याच्या हाताला किडे पडोत म्हणते. त्याने विचारलं होतं, आबा. मशीन लावण्याआधी फोन केला होता. मी कामात होते, फोन खांद्यात धरलेला. म्हणाला, "ताई, लाकडावर मासे-कोयते कायकाय कोरल्यालं हाय. जुनं दिसतंय. तेवढी जागा सोडू का?" मला खुणा आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या. तुमचा हातही आठवला मनगटावर. वाटलं, नंतर पटाशीने मीच पुन्हा कोरीन, चांगल्या, नीटनेटक्या. कुठल्या खांबावर काय कोरायचं ते कळणार कसं, हा विचारच आला नाही. मी म्हटलं, "काही सोडू नका. सगळं स्वच्छ करा."

आई आत्ता गॅलरीतून हाक मारतेय, मिस्त्रीचा फोन आला का म्हणून. तिला हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही आता बोलणं टाकू शकत नाही.