शतावरीच्या घराण्यातलं झाड

देवपूर, धुळे
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भूमिकेला मुलगी होऊन पंधरा दिवस उलटले आणि सख्खी मावशी अजून धुळ्यातच, याचा तुला राग आला असणार. पण पायाचं प्लास्टर निघेपर्यंत मला कुणी उंबऱ्याबाहेर सोडत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि बाळंतिणीच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून भूमिकेचा फोन तू सव्वा महिन्यासाठी कपाटात ठेवलास. तेव्हा पत्रच बरं.

आमचे शेजारी लोटनभाऊ एसटीवर ड्रायव्हर आहेत. त्यांच्यासोबत दोन कुंड्या पाठवल्या आहेत. माझ्या जुन्या झाडाचे दोन भाग केले. हे गवत कसलं विचारशील, तर ही शतावरीच्याच घराण्यातली आहे. एक कुंडी बाळंतिणीच्या खोलीत खिडकीजवळ ठेव. उजेड हवा, ऊन नको. वरची माती सुकली की पाणी घाल आणि मधूनमधून पानांवर शिंपड. दुसरी बाहेर ओट्यावर, भिंतीच्या सावलीत. आपलं मार्चनंतरचं ऊन लागलं तर पिवळी पडून गळते. मुळांना पांढऱ्या गाठी असतात, त्यांत ती पाणी साठवते, म्हणून एखादा दिवस विसरलीस तरी मरणार नाही. लाल फळं आली तर तोडून टाक, बाळ रांगायला लागलं की तोंडात घालेल.

केळीशिवाय तुझ्या हातून काही जगल्याचं मला आठवत नाही, म्हणून इतकं लिहिलं. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
सुलक्षणा


फैजपूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सुलक्षणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कुंड्या पोचल्या. केळीशिवाय काही जगलं नाही म्हणतेस, मग हितेंद्र आणि भूमिका काय केळीच्या बागेत उगवली का? हितेंद्र केळीची गाडी घेऊन दिल्लीकडे गेला आहे. घरात आम्ही तिघीच.

भूमिकेला दूध पुरत नाही. पोर भुकेनं रडते आणि तिला पाहून भूमिका रडते. डिंक झाला, मेथी झाली, अळिवाची खीर झाली. काल तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. माझ्या बाळंतपणात आईनं शतावरीची मुळं दुधात उकळून दिली होती, आठवतं? ओट्यावरची कुंडी रिकामी केली. मुळं तू लिहिलीस तशीच निघाली, पांढरी, गाठीगाठींची. सोलून ठेवली आहेत. सोमवारी पोर महिन्याची होईल, त्या दिवसापासून भूमिकेला देईन. तुझ्या झाडाबद्दल रागावू नकोस, घरातली कुंडी आहेच.

पाय जप. आशीर्वाद आहेतच.

लताबाई


देवपूर, धुळे
१८ फेब्रुवारी २०२५, दुपार

ती. अक्कास,
सा. न.

तुझं पत्र आत्ता हाती पडलं. आज मंगळवार. म्हणजे कालपासून तू ती मुळं देत असशील.

अक्का, ती औषधाची शतावरी नाही. शोभेची आहे. घराणं एक, झाड वेगळं. ती मुळं पोटात गेली तर काय होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही याचीच जास्त भीती वाटते. फळांबद्दल लिहिलं, मुळांबद्दल लिहायचं सुचलं नाही. उलट गाठींचं कौतुक करून बसले. चूक माझी आहे.

भूमिकेचा फोन बंद. हितेंद्रला लावला, तो इंदूरजवळ आहे. त्यानं तुमच्या समोरच्या दुकानातल्या हेमराजला विचारलं, तर तो म्हणाला की दाराला काल संध्याकाळपासून कुलूप आहे. महिन्याची बाळंतीण घरात असताना कुलूप का असेल? मी देवापुढे दिवा लावला. हे पत्र लोटनभाऊंजवळ देते. ते म्हणाले, चिंता नको करा ताई, बठ्ठं बरं व्हई. सगळं बरं होईल म्हणे, पण मला धीर आला नाही.

भूमिकेला दिलं असेल तर थांबव. दवाखान्यात ने, आणि मुळं सोबत घेऊन जा. मग मला हवं ते बोल.

सुलक्षणा


भुसावळ
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सुलक्षणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हितेंद्रनं तुला फोन केला असेलच, पण माझं अक्षर पाहिल्याशिवाय तुला चैन पडायची नाही. भूमिका बरी आहे. पोर बरी आहे. दवाखान्यात मी आहे.

मुळं सोलून ठेवली खरी, पण पोटच्या पोरीला एकदम कशी देणार? आईनंही मला देण्याआधी स्वतः घोट घेतला होता. शनिवारपासून रोज एक पेला मीच पीत होते. दोन दिवस काही झालं नाही. सोमवारी सकाळी तिसरा प्यायले, भूमिकेचा दुपारी द्यायचा होता, तोवर उलट्या सुरू झाल्या. तिचा पेला स्वयंपाकघरात तसाच राहिला. संध्याकाळी मला उभंही राहवेना, तेव्हा तिनं पोर पदराखाली घेतली आणि मला रिक्षात घालून इथं आणलं. सव्वा महिना गेला चुलीत. कपाटातला फोन काढला, तर त्याची बॅटरी संपलेली. काल रात्री कुणाचा तरी चार्जर मिळाला तेव्हा हितेंद्रला कळवलं, आणि त्यानं पत्ता दिल्यावर लोटनभाऊंनी तुझं पत्र इथं आणून दिलं.

डॉक्टर म्हणाले, मुळांनीच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण ओळख नसलेलं मूळ पुन्हा उकळू नका. भूमिकेला त्यांनी सांगितलं की पोरीला वरचेवर पाजत राहा. काल रात्री पोर पोटभर पिऊन झोपली. झाडाचा बुडखा मी टाकला नव्हता, तो पुन्हा लावीन म्हणते. पाणी किती घालू ते लिही.

चूक तुझी असं मात्र पुन्हा लिहू नकोस. माझी खात्री असती, तर आधी मी कशाला प्यायले असते?

प्लास्टर निघालं की ये. तोवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का