कवळी बसवली त्या सकाळी

इंदिरानगर, नाशिक
४ डिसेंबर २००५

प्रिय सवू,

तू भाऊजींना सोडून लेकीला, सृष्टीला घेऊन मालेगावला गेलीस त्याला बरीच वर्षं झाली आणि मी तुला साधं एक पत्र टाकलं नाही. माझा दातांचा दवाखाना चालतोय. आई गेल्यापासून घरी मी एकटीच. संध्याकाळी शटर ओढलं की बोलायला कुणी उरत नाही, म्हणून उगाच उकळलेली हत्यारं पुन्हा उकळत बसते. झाडलोटीला रंगूबाई अजून येते, तुझी आठवण काढते.

भाऊजी माझ्याकडे येत होते, हे तुला ठाऊक नसेल. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी गाल सुजलेला घेऊन आले. मी आधी ओळखलंच नाही. दारातूनच वास येत होता. दुखऱ्या दाढेवर देशीचा घोट धरून ठेवायचे आणि मग गिळायचे, एवढाच काय तो इलाज. दोन डॉक्टरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. रंगूबाई माझ्या कानाशी लागली, "बाई, पिऊन आलंय ते. कशाला हात लावता?" भीती मलाही वाटली. लिव्हर बिघडलेल्या माणसाचं रक्त लवकर थांबत नाही, भूलही नीट चढत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, आज दाढ काढणार नाही. पण तुम्हाला हाकलणारही नाही." सुजेवर दारूशी वाकडं नसलेल्या गोळ्या दिल्या आणि ओळखीच्या फिजिशियनकडे पाठवलं. एकदम सोडाल तर झटके येतील, त्यांच्या देखरेखीखालीच सोडा, असंही बजावलं.

पुन्हा येतील असं वाटलं नव्हतं. पण रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले, तेही सकाळी. त्या दिवशी एकच दाढ काढली. रक्त थांबेना. मी बोळा दाबून तशीच बसून राहिले, बाहेरचे पेशंट कंटाळून निघून गेले. त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. दुखतंय का विचारलं, तर मानेनंच नाही म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांना कुणी हातच लावला नसावा.

मग ते दर गुरुवारी येऊ लागले. हिरड्या पार गेलेल्या, दात खिळखिळे; एकेक करून मी काढत गेले. मधे दोनदा घसरले. दोन्ही वेळा दाराबाहेरच उभे राहून म्हणाले, "ताई, आज नका काढू. आज घेतलीय." उन्हाळ्यानंतर मात्र तो वास पुन्हा कधी आला नाही. खरं सांगू, त्या गुरुवारांची मलाही सवय झाली होती. कवळीचं माप देताना त्यांनी विचारलं, "हसलो तर विचित्र नाही ना दिसणार? सृष्टी घाबरायला नको."

नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला सकाळी कवळी बसवली. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आरसा हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. रंगूबाईनं पेरू कापून दिला, तो सावकाश चावून खाल्ला. मी म्हटलं, आता सवूला कळवा. तर म्हणाले, "सोडली म्हणून नाही सांगणार. ते तिनं लई वेळा ऐकलंय. नुसता समोर जाऊन उभा राहतो. दार लावलं तर परत येईन."

त्यानंतर तासाभरातच द्वारका चौकात रस्ता ओलांडताना ट्रकनं त्यांना उडवलं. 'दारुडा होता, नशेत गेला', लोक म्हणाले, आणि तुझ्या दिरांनी तुला तेच कळवलं असणार. दहाव्याला तू आली नाहीस. त्यावर मी चकार शब्द काढणार नाही, तू काय सोसलंस ते मी पाहिलंय. पण त्या सकाळी मी त्यांच्या तोंडावर वाकून काम करत होते, सवू. कसलाही वास नव्हता. हे छातीठोक सांगू शकेल असं माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मला कुणी विचारलंही नाही. उद्या सृष्टी विचारेल, बाबा कसे गेले. तेव्हा तिला सांग, ते पूर्ण शुद्धीत होते आणि मालेगावची बस धरायला निघाले होते.

तुझीच,
मोहिनी