मालकीणबाईंचा निरोप आलेला नाही

प्रिय इंजिनदादास,

शेजारच्या खाटेवरून एक कडक सॅल्यूट, आणि तो स्वीकारून झाला की एक घट्ट मिठी.

रीतीप्रमाणे आधी प्रकृतीची चौकशी करायची असते हे मला ठाऊक आहे, पण आज सकाळपासून कानात तुझं घोरणं घुमतंय, तेव्हा ते आधी कागदावर उतरवून मोकळा होतो. सुरुवातीला डोंगरापलीकडून यावी तशी एक बारीक शीळ. मग चढण लागल्यासारखी धाप. मग माथ्यावर पोचल्यावर क्षणभर सगळं चिडीचूप (या शांततेत अख्खी बराक श्वास रोखून पडलेली असायची, ‘गेला की काय हा!’ म्हणून), आणि मग उताराला सुटलेल्या मालगाडीचा तो गडगडाट. लोकांनी तुला ‘इंजिन’ म्हटलं, बूट फेकले, तुझी खाट उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. मी मात्र त्या आवाजावर लहान मुलासारखा झोपलो. शाळेत गुरुजी हात मागे बांधून वर्गाकडून कविता म्हणून घेत, तेव्हा खिडकीशी बसून मला अशीच गुंगी यायची. लय पक्की असली की माझे डोळे मिटतात, हा माझा जन्माचा दोष आहे. त्या दोषानंच या खेपेला घात केला. पण ते पुढे.

तर, तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची कंबर? गेल्या पत्रात तू लिहिलंस की वखारीत फळ्या मोजायला तुला खुर्ची दिली. वाचून बरं वाटलं. आमच्याकडे हिची तब्येत ठणठणीत आहे, आणि माझीही उत्तम आहे असं ही म्हणते (मला विचारलेलं नाही).

निवृत्त होऊन घरी आल्यावरचे पहिले महिने तुला कळवले नव्हते, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. पहाटे उठायचो, दाढी करायचो, बूट चमकवायचो, आणि मग त्या बुटांत पाय घालून जायचं कुठं हे न सुचल्यामुळे पुन्हा चमकवायचो. मग स्वयंपाकघराकडे माझं लक्ष गेलं. डबे उंचीप्रमाणे लावले, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, झाकणांवर चिठ्ठ्या. ही माहेरी जाऊन आली, तिनं मिठाचा डबा शोधला, तो ‘शुभ्र पदार्थ, दुसरी रांग’ इथं सापडल्यावर ती शांतपणे खाली बसली आणि आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. “अरे, यांना कुठंतरी चिकटव रे बाबा. दिवसभर माझ्या मागं उभे असतात. पोळ्या गोल होतायत का बघतात.”

मेहुण्यानं मला चिकटवलं ते बसस्थानकाजवळच्या एका लॉजमध्ये. व्यवस्थापक म्हणून. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंती, गुळगुळीत झालेला लाकडी जिना, वरच्या मजल्यावर लांबच लांब बोळ, बोळाच्या टोकाला एक स्टूल, आणि सगळीकडे फिनाइलचा आणि अर्धवट वाळलेल्या टॉवेलांचा वास. मी पहिल्याच दिवशी तो वास छातीभर घेतला आणि माझे डोळे भरून आले. दादा, बराकच की रे ती! दारं तेवढी जास्त. माणसं येतात, बूट काढतात, झोपतात, सकाळी निघून जातात, आणि मागे उशीवर एक खळगा राहतो. मालकीणबाई विधवा आहेत. चष्मा डोक्यावर ढकलून काउंटरमागे बसतात, आणि त्या काउंटरमागून त्यांना बाहेर आलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. उंबऱ्याबाहेर तर नाहीच; भाजीसुद्धा काउंटरवर येते. त्यांच्याशिवाय झाडलोट करणारी मावशी, आणि चादरी नेणारा-आणणारा धोबी. एवढीच आमची तुकडी. सगळे मला ‘मेजर’ म्हणतात. मी हवालदार म्हणून बाहेर पडलो हे तिघांनाही नीट समजावून सांगितलं. “बरं, मेजर,” असं मावशी म्हणाली, आणि विषय मिटला.

पहिली गडबड बिछान्यांवरून झाली. आपल्याला कवायतीच्या उस्तादांनी कसं शिकवलं होतं आठव. चादर अशी ताणायची की वर नाणं टाकलं तर उडालं पाहिजे, आणि ब्लँकेट गादीखाली असं खोचायचं की वादळ आलं तरी हलता कामा नये. मी सगळ्या खोल्यांतले बिछाने तसे लावले. त्या संध्याकाळी सुटाच्या कापडांचे नमुने घेऊन फिरणारा एक स्थूल विक्रेता आला, कसाबसा त्या ब्लँकेटमध्ये शिरला, आणि सकाळी त्याला बाहेर येता येईना. पाकिटात घातलेल्या पत्रासारखा तो सपाट पडून नुसता ‘अहो, अहो’ करत होता. दोन बाजूंनी ओढून आम्ही त्याला सोडवला. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, “मेजर, माणूस झोपवताय की पार्सल बांधताय?”

दुसरी गडबड काव्यामुळे झाली. वरच्या टाकीतलं पाणी संपतं म्हणून बाईंनी एक पाटी लिहायला सांगितली. ‘पाणी जपून वापरा’ असं कोणीही लिहील. मी दोन दिवस खपून, शाळेत घोटलेल्या वृत्तात बसवून, प्रत्येक नळावर ठळक अक्षरांत लावलं:

नको ठेवु मित्रा नळा मोकळा तू,
रिती होय टाकी, रडू लागशी तू.

(‘नळा’ कोणत्या विभक्तीत आहे ते विचारू नकोस. वृत्तासाठी माणसं याहून मोठी पापं करतात.) परिणाम असा झाला की पाहुणे नळ सोडून पाटीसमोर उभे राहू लागले आणि चालीवर ती म्हणू लागले. वयस्कर मंडळींना तर आपली शाळा आठवायची आणि ते दुसऱ्या कडव्याची वाट बघत थांबायचे. टाकी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होऊ लागली. एका शिक्षिकाबाईंनी तक्रार केली की आपल्याला ‘मित्रा’ म्हटलेलं चालणार नाही. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, “मेजर, जमलं तर ती पाटी जरा बघा.” आता हे ‘जमलं तर’ म्हणजे काय? आपल्याकडे हुकूम यायचा. चढा म्हणजे चढा, थांबा म्हणजे थांबा. शिव्याही अशा यायच्या की त्यात शंकेला जागा नसे. इथं बाहेर कोणी कोणाला काही सांगतच नाही. ‘बघू’, ‘होईल’, ‘कळवते’, ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं’. आयुष्यात प्रथमच मला योग्य काय वाटतं हे विचारलं गेलं, आणि मला काहीच वाटेना. पाटी मी ठेवली.

आता मुख्य घटना. मागच्या आठवड्यात एक उंच गृहस्थ रात्रभरचा प्रवास करून आले आणि जेवून दुपारी आडवे झाले. मी बोळातून टॉवेल नेत होतो. त्यांच्या दारामागून शीळ आली. मग धाप. मग ती शांतता! दादा, माझ्या हातातले टॉवेल खाली पडले. मी दाराला कान लावून उभा राहिलो, आणि गडगडाट सुरू झाला तेव्हा मला वाटलं, दार ढकलावं आणि तुझ्या अंगावर उशी फेकावी. निवृत्तीपासून मला धड झोप नाही. ही श्वास घेते की नाही इतकी हळू झोपते, घर शांत, गल्ली शांत, आणि मी छताकडे बघत पडलेला. मी टोकाचं स्टूल उचलून त्या दारापाशी आणलं. म्हटलं, एक चढण-उतार ऐकावी आणि जावं.

जाग आली तेव्हा मावशी माझ्या पायांभोवतीची फरशी पुसत होती. मधल्या वेळात एक मोठं कुटुंब सामानासकट वर आलं, मला बघून कुजबुजत परत खाली गेलं आणि समोरच्या लॉजमध्ये उतरलं. मी धावत काउंटरवर जाऊन टाचा जुळवल्या आणि सांगितलं की पहाऱ्यावर झोपलो. बाई म्हणाल्या, “अहो, जाऊ द्या. दुपारी डोळा लागायचाच.”

जाऊ द्या! पहाऱ्यावर झोपणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मी घरी जाऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी ठरवलं की प्रकरण रीतसर उभं राहिलं पाहिजे. आरोपीला टोपी आणि पट्टा काढून, दोन बाजूंना दोन जण देऊन साहेबापुढे नेतात. तसं मावशीला उजवीकडे आणि धोब्याला डावीकडे घेतलं, टोपी काढली, पट्टा काढला, आणि जिन्यावरून पावलं आपटत आम्ही खाली निघालो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. निवृत्तीनंतर माझं पोट आत गेलंय, आणि विजार पट्ट्याच्या भरवशावर होती. हात शिवणीला सरळ ठेवावेत तर विजार निघाली, विजार धरावी तर शिस्त मोडते. शेवटी डावी बाजू धोब्यानं धरली (चादरी उचलून त्याच्या बोटांत चांगली ताकद आहे). पाहुणे दारं उघडून बघत होते. काउंटरपुढे आल्यावर आरोप वाचून दाखवायचं काम मावशीचं होतं. ती म्हणाली, “बाई, हे काल झोपले होते. काय करायचं ते लवकर करा, माझी फरशी वाळतेय.”

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. माझ्याकडे, मग धोब्याच्या मुठीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ तोंडावर पदर धरला (हसू होतं की संताप, ते पदराआड कळलं नाही). मग म्हणाल्या, “मेजर, तुम्ही घरी जा. जरा विश्रांती घ्या. मी निरोप पाठवते.”

तेव्हापासून मी घरी आहे. निरोप नाही.

हिला मी रजा मिळाली असं सांगितलंय. “कधीपर्यंत?” तिनं विचारलं. मी म्हटलं, निरोप येईपर्यंत. “हे कसलं बाई रजेचं माप!” असं म्हणून तिनं मिठाचा डबा उचलला आणि स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवला. पण मला त्याची फिकीर नाही. खरं सांगायचं तर ती नोकरी माझ्या लायकीचीच नव्हती. मी आता निवांत आहे, जुन्या कविता पुन्हा पाठ करतो, खिडकीत बसतो. लष्कराची तर मला आठवणही येत नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझाच,
शेजारच्या खाटेवरचा

ता. क. तू माझ्याआधी कित्येक वर्षं बाहेर पडलास, तुला ही बाहेरची भाषा येत असेल. ‘घरी जा, निरोप पाठवते’ याचा अर्थ काढून टाकलं असा होतो का? फक्त हो किंवा नाही कळव. धीर देऊ नकोस.

ता. क. दुसरा. वर ‘लायकीची नव्हती’ असं लिहिलंय ते खोडायचं होतं, पण पान खराब दिसेल म्हणून ठेवलं. दादा, त्या बोळात संध्याकाळी सगळ्या खोल्या भरल्या की दारांखालून उजेडाच्या पट्ट्या पडतात, आत कोणी खोकतं, कोणी गुणगुणतं, कोणाची खाट करकरते, आणि मला वाटतं की मी एकटा नाही. ते गेलं तर मी काय करू मला कळत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तुमच्या वखारीत एक जागा बघ. खुर्ची नको. मी फळ्यांवर बसेन.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करत होतो तोवर दार वाजलं. हिनं उघडलं. दादा, मालकीणबाई आल्यात! स्वतः! पायात काउंटरमागच्याच सपाता, चष्मा डोक्यावर, आणि धाप लागलेली. मी आतूनच, दाराच्या फटीतून बघत ऐकतोय. “कुठायत तुमचे मेजर? आठवडा झाला, पत्ता नाही माणसाचा! मावशी चादरी खोचते त्या रोज सुटतात, लोक वर जाऊन आवाज देतात तर उत्तर द्यायला कोणी नाही!” ही म्हणाली की तुम्हीच निरोप पाठवणार होतात ना. तर बाई कडाडल्या, “निरोप पाठवते म्हटलं म्हणून काय माणसानं घरी बसून राहायचं असतं? दुसऱ्या दिवशी यायचं नाही का? असं न सांगता गैरहजर राहायचं? बोलवा त्यांना बाहेर! आत्ताच्या आत्ता!”

दादा, इतक्या दिवसांनी मला कोणीतरी असं स्पष्ट झापतंय. काय आवाज आहे बाईंचा! वखारीचं विसर. जातो.