हृदय योजनेत, दात बाहेर

मी, या गल्लीत कवळीवाला म्हणून ओळखला जाणारा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने टायपिस्ट बाईंकडून लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढे कुठे गोंधळ आढळलाच, तर तो सरकारी आरोग्य योजनेचा समजावा, माझा नव्हे.

१. राहती जागा मुलीला. जावयाने स्वयंपाकघराची भिंत पाडण्याचा विषय निदान वर्षभर काढू नये.

२. बँकेतली शिल्लकही मुलीलाच. या योजनेचा सक्तीचा विमा घेतला नाही म्हणून मला दंड होणार होता. आजारी न पडल्याचा दंड! मी म्हणालो, "अगं, नको असलेली वस्तू गळ्यात मारायची ही कसली रीत?" ती म्हणाली, "बाबा, सही करा." हप्ताही तिनेच भरला. त्यानंतर माझ्या हृदयाची झडप बिघडली. आता आमच्यात बरोबर कोण, हे मला अजून कळत नाही.

३. कारण झडप बदलण्याचा सगळा खर्च योजना देते. पण किडक्या दातांतले जंतू रक्तातून झडपेवर जातात, म्हणून आधी दात काढून या, असे मोठे डॉक्टर म्हणाले. आणि दात काढणे योजनेत नाही! हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीवरच्या बाईंना विचारले, "दात माझ्या शरीरात नाहीत का?" त्या म्हणाल्या, "काका, शरीरात आहेत, यादीत नाहीत." सक्ती पूर्ण, तर उपचारही पूर्ण द्या, खिशातून दमडी देणार नाही, असा मी हट्ट धरला. मुलगी रडली. ऑपरेशनची तारीख टळली असती तर मी पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि तेवढा वेळ झडपेकडे नव्हता.

४. कवळ्या घासायचे मशीन आणि गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे समोरच्या दातांच्या डॉक्टरला. हा माझा जुना दोस्त. योजना आली तेव्हा तो तिच्या बाजूने भाषणे ठोकायचा, मी विरुद्ध. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. गेल्या आठवड्यात मुलीचे ऐकून तो आपणहून आला. मी वाद घालू लागलो, तर म्हणाला, "गप्प बस आणि तोंड उघड." फुकट काढले मेल्याने सगळे किडके दात. मी बोबड्या तोंडाने म्हटले, "बघ, तुझ्या योजनेत हे नाही." तो म्हणाला, "नाहीच. चुकलंय त्यांचं. पण तू मेलास तर मी भांडू कुणाशी?" इतक्या वर्षांचा राग आता ठेवू कुठे?

५. मी वाचलो तर योजनेने वाचवले, असे कुणी मिरवू नये. गेलो तर तिने मारले, असेही म्हणू नये. काय म्हणावे, ते मलाच सुचत नाही. भीती मात्र वाटते आहे.

दुरुस्ती: डॉक्टर साक्षीला आला, तेव्हा टायपिस्ट बाईंनी अडवले. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही किंवा मशीन, काय ते एक ठरवा." मशीनवर त्याचा पहिल्यापासून डोळा, मला वाटले, हा सही करत नाही. त्याने पेन उघडले. म्हणाला, "मला नको तुझं मशीन. बरा होऊन ये आणि तूच चालव. माझं गिऱ्हाईक कवळीसाठी खोळंबलंय."

सबब कलम ४ रद्द. मशीन तूर्त माझेच.

सही: कवळीवाला
साक्षीदार: १. टायपिस्ट बाई २. समोरचा दातांचा डॉक्टर
ठिकाण: माझा कारखाना, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: हॉस्पिटलात भरती होण्याचा आदला दिवस