मिठाचा खड्डा

रिसोड,
वैशाख वद्य पंचमी, सोमवार, सन १९४६

चिरंजीव रामकिसन यास थोरल्या बहिणीचा, तुह्या बाईचा, भरभरून आशीर्वाद.

तू अकोल्यात सुखात असशील, खानावळीचं जेवण मानवत असंल, असं धरून चालते. अक्षर वाकडं वाटलं तर समजून घे, टाक बोथट झाला. इकडं आमी बरे आहो. विहिरीचं पानी खाली गेलं, वांग्याले कीड लागली. सासूबाईचा गुडघा दुखते आन् त्या रोज माह्यावर चिडतात, म्हणजे त्यायची तब्येत ठीकच म्हणायची. भुरी मांजर गेली. तुह्या ताटात तोंड घालाची, आता निवांत जेवशील.

रेडिओ चालू आहे. तुले त्याचंच लिहायले बसली.

दिवाळीत तू तो लष्करी लिलावातला पत्र्याचा रेडिओ आणला, तवा सासूबाईनं तुही दृष्ट काढली होती. तुहे भाटवे, माहे मालक, ब्रह्मदेशात हरवले आन् पलटणीतून "सापडले नाहीत" येवढाच निरोप आला. लढाई संपली, दुसऱ्याचे पोरं घरी येऊन राह्यले, एखाद्या दिवशी आपल्या उत्तमचं नाव रेडिओत येईन, असा त्यायचा हट्ट. पण लावला तर नुसती घरघर. तू कानाले टोपणं लावून, हातात पेटी घेऊन, त्या घरघरीचा माग काढत गल्लीभर फिरला. लोक दारात येऊन हसले. मंग कापसाच्या जिनातल्या मोटारीच्या ठिणग्यापाशी थांबला. ज्या जिनातून घरी वीज येते, तिथलाच हा गोंधळ निघाला. तिथं तू ठिणग्या दाबाले कंडेन्सर बसवला. इथं अंगणात खड्डा खणून तांब्याची पत्री पुरली, त्यात कोळसा आन् मीठ भरलं, आन् रेडिओच्या अंगाची तार तिले जोडली. हाताचं यंत्र फिरवून तपासल्याबिगर आम्हाले बटनाले हात लावू देला नाही.

"बाई, पत्र्यात वीज उतरली तर या तारेनं जमिनीत जाईन, माणसात नाही," तू म्हणाला. "उन्हाळ्यात खड्डा सुकू देऊ नको."

म्हणून मी रोज तुळशीले पानी घालून उरलेलं तिथं घालाची. तेच नडलं, भाऊ. शेजारच्या गोमतीबाईनं पाह्यलं. होळीच्या आगंमागं ती सासूबाईले म्हणते, "हिरीबाई, तिथं झाड नाही, रोप नाही, तुमची सून कायले पानी घालते वो?"

सासूबाईनं खुरपं घेतलं आन् खणलं. तांबं, कोळसा, मीठ. आता तूच सांग, अंगणात पुरलेलं हे कोनी पाह्यलं तर करणीच म्हणंन का नाही? मी वीज, जमीन, सारं सांगू लागली, पण मले तरी किती समजते? त्या शांतपणी म्हणाल्या, "माहा पोरगा घरी काहून येत नाही ते आज समजलं. तुह्या भावानं वाट बांधली त्याची." पत्री गावाबाहेर फेकून आल्या. तार तोडली.

त्याच दिवशी, दिवेलागणीले, रेडिओ पुन्हा घरघरला. सासूबाईनं त्याले थापट माराले हात टेकवला आन् तो हात तिथंच राह्यला. मंग त्या हसल्या. तीन वर्षांत मी त्यायले हसताना पाह्यलं नव्हतं. म्हणाल्या, "ललिता, त्यानं हात धरला माहा."

तवापासून रोज दिवे लागले की त्या हात धुतात आन् ओल्या हातानंच रेडिओपाशी जाऊन बसतात. घरघर मधीच थांबते, मंग चालू होते. त्या तिच्याशी बोलतात, कपाशीचं, गुडघ्याचं, माह्या स्वयंपाकाचं. थांबली की मान हलवतात. मले वाटलं जिनाचाच कंडेन्सर गेला असंल, म्हणून पाहून आली. हंगाम संपला, जिन बंद. मोटारीवर गोणपाट टाकलं आहे, पट्टा उतरवून ठेवला आहे. दिव्याचं इंजिन चालते खरं, पण ते आधीही चालतच होतं. मंग ही घरघर कोनाची, सांग बरं?

भुरी रेडिओखालीच सापडली. आंग लाकडावानी झालं होतं.

काल सासूबाई कौतुकानं सांगून राह्यल्या, "आता लय जोरानं धरते. लवकर सोडतच नाही." तवा तुहे शब्द आठवले. झिणझिण वाढत गेली तर आतलं काही मरायले टेकलं समज, एक दिवस पकडीन आन् सोडणार नाही, असं तू सांगून गेला होता.

तू म्हणशील, बाई, मंग रेडिओची विजेची तारच उपटून टाक, वाट कोनाची पाहते. उपटाले गेली होती, भाऊ. सासूबाई मारुतीले गेल्या होत्या. एका हातानं तार धरली, दुसरा हात पत्र्यावर टेकला.

पलटणीत जाताना तुह्या भाटव्यायनं मोटारगाडीपाशी, चार लोकांत, माहं मनगट धरलं होतं. मी लाजली, सोडा म्हटलं, आन् त्यायनं सोडलं. तेच मनगट. बांगडीच्या वर, त्याच जागी. वीज आहे, मले समजते. तुही बहीण आहे मी, येवढं समजते. पण तार उपटली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई मारुतीले कधी जातात याची वाट पाहत बसली.

मिरग जवळ आला. जमीन ओली झाली, भिंती ओल्या झाल्या की काय होईन ते तुले मी काय सांगू. सासूबाईले माह्याशिवाय कोनी नाही आन् मले त्यायच्याशिवाय. मिरगाच्या आधी ये. नवी पत्री आण, मीठ कोळसा घरात आहे. सासूबाई शिव्या देतील, अंगावर येतील, येऊ दे. मले त्यायचं भेव नाही. माहंच भेव आहे. मी खड्ड्याच्या आडवी येईन, तुह्या पाया पडीन, एकच दिवस राहू दे म्हणीन. लहानपणापासून तू माहं ऐकत आला. या वेळेस ऐकू नको. खड्डा भर, तार जोड, यंत्र फिरवून पाह्य, आन् मंगच माह्याशी बोल.

दिवे लागले. घरघर चालू झाली, सासूबाई मले हाका मारून राह्यल्या.

टाक बोथट नाही, परवाच नवा घेतला. उजवा हात झिणझिणून राह्यला.

तुह्या वाटेकडे डोळे लावून, आन् तू येऊ नये असंही वाटणारी,
तुही बाई,
ललिता