केळीच्या धाग्याची डोली

नंदुरबार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
स्वप्नालीचा कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला केळीच्या खोडाचा धागा एस.टी.तून पोचला. असा चमकत होता की कार्यशाळेत सगळ्यांनी हात लावून पाहिला. पण त्याच्यावर रेझिनचा चिकट रस ओतून फळी केली, तर ती पापुद्र्यासारखी सुटली. धाग्याला रस धरतच नाही. आधीच्या गठ्ठ्याची फळी छान झाली होती. या वेळी काही वेगळं केलंस का गं?

पुढच्या शुक्रवारी मणिबेलीच्या आरोग्यसेविका रेवाबाई येणार आहेत. तिथे आजारी माणसाला डोंगरावरून होडीपर्यंत लोखंडी स्ट्रेचरवर आणतात. त्याला चार गडी लागतात, आणि ते वेळेवर मिळत नाहीत. मला त्यांना या फळीची हलकी डोली द्यायचीच आहे. उत्तर नव्या धाग्याबरोबरच पाठव.

तुझ्या मायेची हक्कदार,
स्वप्नाली

लोणखेडा, ५ फेब्रुवारी

चि. स्वप्नालीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

केलं ना बाई वेगळं! धागा भुरका, कोरडा दिसला. म्हटलं पोरीच्या कामाला जातोय, असा कसा पाठवू? वाटीभर खोबरेल चोळलं, फणीने विंचरला. तुझं पत्र वाचून तुझे बाबा पोट धरून हसले. म्हणे, बहीन, गजरा माळाना ऱ्ही गया! मला मात्र रडू आलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, आणि तुझं काम मीच बुडवलं.

काल तीन खोडं सोलली. धागा सोड्याच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला. तेलाची बाटली तुझ्या बाबांनी फडताळावर ठेवली आहे, माझा हात पुरत नाही तिथे.

एक ऐक. डोलीवर आधी तू झोप, मग दुसऱ्याला झोपव.

जेवत जा. आत्याला हसून घे, पण विसरू नको.
धनुबाई

मणिबेली, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हो, मी मणिबेलीत आहे! सोड्याने धुतलेल्या धाग्याला रस असा धरला की फळी ठोकूनही सुटेना. शुक्रवारी डोलीवर आधी वाळूची पोती ठेवली, मग तुझं ऐकून मी झोपले. रेवाबाई आणि होडीवाले वाहरूभाऊ मला उचलून दोन जिने चढले. मी उतरते म्हणाले, तर रेवाबाई म्हणाल्या, डोली आमची झाली, आता तूही चल.

आज सकाळी वरच्या पाड्यातल्या एका आजींचा पाय मोडला. त्यांना डोलीला पट्ट्याने बांधून आणलं. पुढे रेवाबाई, मागे मी, दोघीच. आजी पडल्यापडल्या रागवत होत्या, हळू चला, लग्नाला निघालात का म्हणून. होडीत बसवल्यावरही वाहरूभाऊ नाव सोडेनात. जुन्या सवयीने डोंगराकडे बघत विचारत होते, बाकीचे गडी कुठे राहिले?

बाबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी,
स्वप्नाली