अम्मासाठी हिरवं लॉकेट

दौंड,
रविवार, २० नोव्हेंबर १९६६

प्रिय अम्मा,

तुझं काम झालं. लॉकेट मिळालं. बोराएवढा हिरवा बर्मी दगड, वर चांदीची कडी. रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवलंय आणि ड्यूटीवरून आलो की आधी ट्रंक उघडून बघतो. शेजारचे दगडोबा विचारत होते, ट्रंकेत कोंबडी बसवलीय का अंड्यांवर. हे पत्र नेहमीप्रमाणे अनसाबाई वाचून दाखवतील म्हणून अक्षर नीट काढतोय. लांबलं तर मध्ये त्यांना चहा कर.

उशीर झाला हे मला कळतं. ऑगस्टात शिरूरला आलो तेव्हा तू म्हणालीस, छातीत धडधडतं, पाण्याची घागर उचलली की घाबरं होतं, आणि हकीमसाहेबांनी सांगितलंय की यशब नावाचा हिरवा दगड छातीला टेकेल असा घाल. सांगितलंस असं, जसं काही दौंडच्या बाजारात यशब शेरावर मिळतो. मी मान हलवली. अम्मा, मला चाळिसावं लागलं, पण दागिना म्हणून मी कधी काही घेतलेलं नव्हतं. रजियाला सुद्धा नाही. तिनं मागितला नाही आणि मी आपणहून आणला नाही. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू म्हणत राहिलो, आणि आमच्या वाट्याला वर्षं आली पाच.

पहिला दगड मी स्टेशनावरच घेतला, एका फिरत्या विक्रेत्याकडून. हिरवागार, काचेसारखा आरपार. मला वाटलं एका फटक्यात काम झालं. पण आमच्या रेल्वेच्या शेडमध्ये कुणीतरी म्हणालं, घालायच्या आधी चांदभाईंना दाखव. हे चांदभाई मूळचे खुटबावचे. पोरवयात रंगूनला गेले आणि तिथं तीस वर्षं एका पेढीवर हेच दगड घासायचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या लोकांना बर्मा सोडावा लागला, तेव्हा मुलीला घेऊन परत आले. बायको तिकडेच वारली. आता मशिदीमागं दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, म्हणून दगड मुलीनं बघितला. तिचं नाव बानू. शिवणकाम करते. लग्न राहूनच गेलं तिचं, आईच्या आजारपणात आणि मग या धावपळीत.

तिनं दगड गालाला लावला, खिडकीत धरला आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून नव्हे, चांगली मोठ्यानं. म्हणाली, ही बाटली हाय, आत बुडबुडं बघा. मी बघितले, होतेच. मग तिनं स्वतःच्या पेटीतला एक दगड माझ्या हातावर ठेवला. इतका गार, की नुकता रांजणातून काढलाय असं वाटावं, आणि मुठीत धरला तरी लवकर तापेना. चांदभाई खाटेवरून शिकवू लागले. यशबालाच जेड म्हणतात, आणि त्या नावाखाली दोन जातीचे दगड विकतात. बर्म्याचा कडक, तो जेडाइट. रंगावर जायचं नाही, रंग चढवतासुद्धा येतो, आणि चढवलेला रंग बारीक रेघांत साठून बसतो. दिव्याखाली घ्यायचा नाही, उन्हात घ्यायचा. आणि सगळ्यात आधी भेग बघायची. बानूची मराठी ऐकून मला गंमत वाटत होती. जन्म रंगूनचा आणि बोलणं अस्सल खुटबावचं, बापानं तिकडे जपून ठेवलेलं.

बर्मा सोडताना झालेल्या झडतीतून त्यांच्याकडे चारच नग राहिले होते. त्यांतला सगळ्यात देखणा बानूच्या गळ्यात होता, पानाच्या आकाराचा, गर्द हिरवा. तिच्या आईचा. तो विकून वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं असं तिनं ठरवलेलं. मला तोच आवडला. तिनं गळ्यातून काढला, दोऱ्याला टांगला आणि म्हणाली, दुसऱ्या दगडानं हळूच ठोकून ऐका, नवीन माणसाला यातलं काही कळत न्हाई, पर ऐका. अम्मा, मी पंधरा वर्षं दुसरं काय करतोय? गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन चाकं ठोकत जातो. चांगलं चाक खणखणतं, तडकलेलं बद्द बोलतं. बाकीचे तीन दगड घंटीसारखे वाजले. हा बद्द बोलला.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. दुसरा नग घेऊन निघून आलो असतो. पण उद्या तिनं तो दुसऱ्या कुणाला चांगला म्हणून विकला असता आणि तिच्यावर बालंट आलं असतं. मी सांगितलं, यात भेग आहे. तिनं परत ठोकला, परत ऐकला. चेहरा उतरला तिचा. मीच तो फोडल्यासारखं मला झालं. मग चांदभाई हळू आवाजात म्हणाले, "बोटीत चढताना तुझ्या हातनं पडला व्हता, बानू. मला तवाच आवाज कळला. पर तुझी माय जाऊन म्हैना झाला न्हवता, कुठं सांगू?" बानूनं तो दगड परत गळ्यात घातला आणि म्हणाली, "बरं झालं. आता ह्यो विकायचा इचार तरी सुटला."

मी मग छोटा, फिकट हिरवा, एका कडेला जरा पांढरट असलेला दगड निवडला. आवाजाला खणखणीत. तो तुझा. बानूनं पैसे घ्यायच्या आधी विचारलं, कुणासाठी? मी तुझं आणि छातीचं सांगितलं. ती म्हणाली, दगडानं काळीज बरं होत न्हाई, अम्मांना डॉक्टरकडं न्या, आन् दगड त्यांना आवडला तर घालू द्या. तेव्हा लॉकेट मिळेल ते या अटीवर की आधी आपण दवाखान्यात जायचं. हकीमसाहेबांना सांगू नकोस.

आता खरं सांगतो. हे सगळं सप्टेंबरातलं. लॉकेट तेव्हाच माझ्या ट्रंकेत आलं होतं. पाठवलं नाही, कारण पाठवलं असतं तर मशिदीमागं जायला काही निमित्तच उरलं नसतं. आधी म्हटलं कडी सैल आहे. मग तिच्या शिवणयंत्राचा पट्टा बदलला. मग पाटसला डोळ्यांचं शिबिर लागलं, तर चांदभाईंना मी एस.टी.नं घेऊन गेलो आणि आठ दिवस रजा काढून त्यांच्याजवळ राहिलो. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी मला निरखून बघितलं आणि म्हणाले, आवाजावरून तू एवढा काळा वाटला न्हवतास. बानू इतकी हसली की नर्स रागावली. कितीतरी दिवसांनी मीही तसा हसलो, आणि हसताना रजियाची आठवण आली, पण दुखलं नाही. ते मला तुला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही.

रजिया गेली तेव्हा लोक म्हणाले, आता जावई कशाला शिरूरला फिरकतोय. आणि तू दौंडला येऊन आठ दिवस माझ्या क्वार्टरमध्ये भाकऱ्या थापल्यास. निघताना म्हणालीस, अहोजाहो पुरे, आता मला ‘तू’ म्हण. त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. तुझ्या मनात काय आहे मला खरंच माहीत नाही, म्हणून चार दिवस हे पत्र लिहितोय आणि फाडतोय.

गेल्या गुरुवारी मी बानूला विचारलं. रजियाचं सगळं तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, "मला एकटीला इचारू नका. तुमच्या घरचं मोठं माणूस घेऊन या, रीतीनं बाबांना इचारा." तिला वाटलं, मी बिनआईबापाचा, इथंच अडकेन. मी म्हटलं, आणतो. अम्मा, माझं मोठं माणूस तूच आहेस. जड जाईल तुला, मी जाणतो. नको वाटलं तर अनसाबाईंकडून तसं एका ओळीत कळव, मी पुन्हा विषय काढणार नाही आणि दर महिन्याला येतो तसाच येत राहीन. पण जमलं तर रमजान लागायच्या आत एखाद्या रविवारी दौंडला ये. मी स्टँडवर उभा असेन. चांदभाईंच्या घरी मुलाकडून बोलायला कोण आलंय असं विचारतील, तेव्हा मला सांगता यावं, माझी आई आलीय.

तुझाच,
सिद्दीक